चाळीस मिनिटांत सहा ग्रॅम

बाळंतिणींच्या वॉर्डात आया सात, आणि सातही जणींना लोक मावशीच म्हणायचे. मग ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येकीच्या नावापुढे काहीतरी लागलं. दारावर बसणारी ती दारमावशी, कपड्यांची गाठोडी धुण्याला पाठवणारी ती गाठोडेमावशी, आणि बाळांची वजनं घेणारी ती काटेमावशी. हे नाव त्यांना वजनकाट्यामुळे पडलं की स्वभावामुळे, यावर वॉर्डात दोन तट होते. त्यांनाच कोणी विचारलं तर म्हणायच्या, "दोन्ही खरं. आता बाजूला सरक, उजेड अडतोय."

काटा खिडकीखालच्या ओट्यावर असायचा. दोन-दोन ग्रॅमचा हिशेब सांगणारा, वर पाळण्यासारखा खोलगट पत्रा. सकाळी ड्यूटीवर आल्या की मावशी आधी ओटा पुसायच्या, मग काटा, मग एक किलोचा लोखंडी ठोकळा त्यावर ठेवून काट्याचीच परीक्षा घ्यायच्या. बरोबर एक किलो दाखवलं तर दिवस सुरू. दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काट्याला खालून कागदाच्या घड्या लावून सरळ करेपर्यंत एकाही बाळाला हात नाही. नर्सा रांगेत उभ्या राहून चुळबुळत. मावशी म्हणत, "तुमची घाई बाळाच्या नावावर लिहू का?"

चोवीस वर्षांपूर्वी त्या इथे फरशी पुसायला आल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकल्या ते केसपेपरांवरून, त्यामुळे त्यांना डॉक्टरांचं अक्षर लागायचं आणि छापील वाचताना मात्र अडखळायला व्हायचं. नोकरी ठेकेदाराकडची. दर वर्षी नवा कागद, नवी सही, कायम कधीच नाही. वजन मावशींनी घ्यायचं आणि रकान्यात सही सिस्टरांनी करायची, ही तिथली रीत. हजारो बाळं त्यांच्या हातून गेली, पण कुठल्याच वहीत त्यांचं नाव नाही. याचं त्यांना दुःख नव्हतं, राग होता. दुःखाने माणूस बसतो, रागाने उभा राहतो, असं त्यांचं मत.

आणि एक लाजही होती, ती त्या कोणाला सांगत नसत. तरुणपणी त्यांना स्वतःला दूध इतकं, की आपलं मूल पिऊन झोपलं तरी अंगावरचं झबलं भिजायचं. त्या गुर्मीत त्यांनी कितीतरी ओल्या बाळंतिणींना तोंडावर सांगितलं होतं, "तुला दूधच नाही गं." बसमध्ये जागा नाही म्हणावं इतक्या सहज. पुढे कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीत दोन वर्षं काम पडलं. तिथे बाळ पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर, त्याच कपड्यांत, काट्यावर ठेवायचे. वाढलं तेवढं पोटात गेलं, इतका साधा हिशेब. तिथे मावशींनी डोळ्यांनी पाहिलं, की दूध आहे पण बाळाला ओढता येत नाही, असंही असतं. त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य बोलणं सोडलं. दुसरं कोणी बोललं तर मात्र त्यांच्या कानशिलाची शीर ताडताड उडायची.

त्या आठवड्यात सात नंबरच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर बाई होती. सरकारी बस चालवायची, चाळीस सीटांची. हात पुरुषाच्या तोंडात मारले तर दात मोजायला बसावं लागेल असे. पोटावर टाके घालून बाळंत झालेली, मुलगी झालेली. सगळा वॉर्ड तिला ड्रायव्हरीणबाई म्हणायचा आणि ती हसायची. चौथ्या दिवशी ती हसेनाशी झाली.

त्या सकाळी मावशींनी तिच्या मुलीला उघडं करून काट्यावर ठेवलं. जन्माचं वजन तीन किलो एकशेचाळीस. आज दोन किलो आठशेदहा. पहिल्या दिवसांत बाळं थोडी उतरतात, ते मावशींना कोणी सांगायला नको होतं. पण सव्वातीनशेच्या वर उतरणं म्हणजे थोडं नव्हे. मुलीची कातडी मांडीवर सैल पडलेली. लंगोट रात्रीपासून एकदाच ओला झालेला, तोही विटकरी डाग पडलेला.

सिस्टरांनी वही पाहिली. पाजल्याच्या रकान्यात सगळीकडे टिकमार्क. दहा वेळा पाजलं, दर वेळी चाळीस मिनिटं. सिस्टर वाईट बाई नव्हत्या. बत्तीस खाटा आणि एकटा जीव, वहीवर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाजतेय तर ही भरपूर. म्हणजे दूधच येत नाही. पावडरीचं सुरू करा, बाटली आणा."

खाटेशी बसलेल्या सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "मी काल रात्रीच म्हटलं होतं. अगं, सगळ्यांनाच नसतं. तू दिवसभर इंजिनाच्या धगीवर बसणारी, तुझं आटलं असेल."

"आई, माझ्या नव्या बसचं इंजिन मागे असतं," सून म्हणाली.

"मागे तर मागे. धग पुढे येत नाही काय?"

सुनेने मुलीला छातीशी घेतलं, आणि मुलीचं तोंड लागल्याबरोबर तिच्या पायाची बोटं चादरीत रुतली. मावशींनी ते पाहिलं. त्या वजनाचा आकडा सांगायला आल्या होत्या, पण खाटेच्या कडेला टेकल्या.

"दुखतं?"

"टाक्यांपेक्षा जास्त." ड्रायव्हरीणबाईंनी आवाज खाली आणला. "मावशी, घाटात ब्रेक लागेना झाला तेव्हा मी रडले नव्हते. इथे दर तीन तासांनी रडते. मला बाटलीचा राग नाही. पण मला करता आलं नाही, असं आयुष्यभर ऐकायचं नाहीये."

मावशी ऐकत होत्या, आणि तेही आईचं नव्हे, मुलीचं. चोख, चोख, टक. चोख, टक. जिभेची पकड सुटल्याचा तो टक. दूध घशातून उतरताना बाळाचा एक बारका आवाज होतो, रिकाम्या गल्लीत कोणी लांबून हुंकार द्यावा तसा. तो चाळीस मिनिटांत एकदाही आला नाही. मुलगी थकून सुटली तेव्हा बोंड गोल नव्हतं. दाराच्या फटीत सापडल्यासारखं तिरकं, चपटं, पांढरं पडलेलं. मग मुलगी भुकेने रडली, तोंड एवढं मोठं उघडलं, आणि जीभ मात्र खाली खिळल्यासारखी तिथेच. कडा वर उठल्या, मधला भाग खड्ड्यात, टोकाला बारीकशी खाच.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण बोलघेवड्यांना म्हणतो. इथे जीभ उचलतच नव्हती.

मावशी तडक सिस्टरांच्या टेबलापाशी गेल्या. "सात नंबरच्या पोरीची जीभ बघा एकदा. खालून बांधल्यासारखी दिसते."

"मावशी, पावडर आणलीत का?"

"आईला दूध आहे. पोरीला ओढता येत नाही. आजार म्हशीला अन् औषध पखालीला कशाला?"

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, बाळाच्या तोंडात बघायचं काम तुमचं नाही. तुमचं काम वजन आणि लंगोट. उद्या तुम्ही औषधंही लिहाल."

"लिहीन. अक्षर तुमच्यापेक्षा वाचता येईल असं आहे."

एवढं बोलून त्या वळल्या, आणि समोर राउंडवर आलेले छोटे डॉक्टर उभे. मुलांचे डॉक्टर, वय तिशीच्या आत, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं माहीत असलेले. त्यांनी भांडणाचा शेवट ऐकला होता. वही उचलली, रकाने पाहिले. "दहा वेळा चाळीस मिनिटं. पितंय की बाळ, मावशी."

"तोंड लावणं म्हणजे पिणं नव्हे, डॉक्टर. कोरड्या नळाला तासभर तोंड लावून बसलात तर तुमची तहान भागेल का?"

"नळ कोरडा आहे असंच तर सिस्टर म्हणतायत."

"नळ भरलेला आहे. तोटी फिरवता येत नाही तिला. माझ्यावर विश्वास ठेवू नका. काट्यावर ठेवा. आता वजन करते, पाजू दे, पुन्हा वजन करते. तुमच्यासमोर."

डॉक्टरांना गंमत वाटली असावी. "ठीक. मी बाकीच्या खाटा बघतो. पण बाळ खूप उतरलंय. काहीही निघालं तरी ते उपाशी राहता कामा नये."

"त्याच्यासाठीच तर ओरडतेय," मावशी म्हणाल्या.

मुलीला झबलं, लंगोट, दुपटं सगळ्यासकट काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे चौतीस. डॉक्टरांनी आकडा तळहातावर पेनाने लिहून घेतला. ड्रायव्हरीणबाईंनी दात आवळून पाजलं. सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, तिकीट संपत आलेल्या प्रवाशासारख्या. वॉर्डातल्या चार खाटा कुशीवर वळल्या. दारमावशी दार सोडून आत आली. चाळीस मिनिटांनी मावशींनी मुलीला उचललं, ओट्यापाशी नेलं, आणि डॉक्टरांना हाक मारली.

दोन किलो नऊशे अठरा.

वाढायचं सोडून सोळा ग्रॅम कमी.

डॉक्टरांनी तळहात बघितला, काटा बघितला, आणि त्यांना हसू आवरेना. "मावशी, बाळाने उलट आईलाच पाजलं वाटतं."

वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या. मावशींना क्षणभर कळेचना. काट्याने कधी दगा दिला नव्हता. मग त्यांची नजर मुलीच्या लंगोटाकडे गेली. कोरडा, घडीचा, नुकताच बांधलेला. आणि ओट्याखाली जंतुनाशकाच्या बादलीत तरंगणारा ओला.

हाताने केलं होतं ते. चोवीस वर्षांचा हात. काट्यापाशी नेता नेता बाळ ओलं लागलं, आणि डोक्याला न विचारताच हाताने लंगोट सोडला, बादलीत टाकला, नवा बांधला. डॉक्टरने ही चूक केली नसती, कारण डॉक्टरला लंगोट बांधता येत नाही. सिस्टरने केली नसती, तिला वेळ नाही. ही चूक फक्त आयाच करू शकते, आणि तीही चांगली आया. लंगोट हातात राहिला असता तर त्याचंही वजन करता आलं असतं. पण तो आता बादलीभर पाण्याचं वजन घेऊन बसला होता.

दुसरी कोणी असती तर काट्यावर ढकललं असतं. नाचता येईना अंगण वाकडं. मावशींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण मान खाली गेली नाही.

"चूक माझी," त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ओला लंगोट बदलला मी. काट्याची चूक नाही, पोरीची नाही, आणि हिच्या दुधाची तर मुळीच नाही. तीन तासांनी पुन्हा."

"मावशी, पुरे आता," सिस्टर म्हणाल्या. "बाटली द्या."

"बाळाला पोटभर देणारच. पण आधी हिचंच देऊ. डॉक्टर, हिचं दूध हाताने काढून वाटीने पाजलं तर तुमची हरकत?"

डॉक्टर हसायचे थांबले होते. चूक अशी उघड कबूल करणारी माणसं त्यांना कॉलेजात फारशी भेटली नसावीत. "हरकत कसली? पुरलं तर उत्तमच. कमी पडलं तर वरून पावडर."

मावशींनी उकळलेली वाटी आणली, ड्रायव्हरीणबाईंच्या मागे उशी लावली. "बोंड नको दाबू, त्याच्या मागे पकड. अंगठा वर, बोटं खाली. आत छातीकडे दाब, मग पुढे. घाई नाही. आपल्याला कुठे टाइमटेबल गाठायचंय?"

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. सासूबाईंनी तोंड उघडलं. मावशींनी नुसतं बोट वर केलं, तोंड मिटलं. मग एक थेंब. मग दोन. मग पान्हा फुटला आणि बारीक पिचकारी वाटीच्या काठावर वाजली. दोन्ही बाजू मिळून चाळीस मिलिलिटर. डॉक्टरांनी सिरिंजमध्ये घेऊन मोजलं.

सासूबाई वाटीत वाकून बघत राहिल्या. "हे हिचं?"

"नाही, बसचं कूलंट आहे," सून म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात धार होती. मग तिला रडू फुटलं आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. हे रडणं आधीचं नव्हतं.

मुलीने वाटीच्या काठावर जीभ न लावता, ओठांनीच सुरसुर करत पाऊण वाटी संपवली आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा मुठी सोडून झोपली.

दुपारी डॉक्टरांची ड्यूटी संपली होती. तरी ते आले. हातात चहाचा कागदी पेला, चेहऱ्यावर आपण सहज आलोय असं दाखवायचा प्रयत्न. मुलगी जागी झाली. कपड्यांसकट वजन, दोन किलो नऊशे छप्पन्न. मावशींनी यावेळी तिला आईच्या हवाली केलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

वीस मिनिटांनी मुलगी ओली झाली. दुपट्यावर डाग दिसला. मावशींच्या बोटांना मुंग्या आल्या. खांदा पुढे सरकला. दारमावशी म्हणाली, "पकडू का तुम्हाला?"

"बोलू नकोस. हात सुटेल."

वॉर्ड पुन्हा हसला, पण हे हसणं त्यांच्या बाजूचं होतं. चाळीस मिनिटं झाली. सिस्टर स्वतः उठून आल्या, आपण होऊन मुलीला उचललं, ओल्या लंगोटासकट काट्यावर ठेवलं.

दोन किलो नऊशे बासष्ट.

सहा ग्रॅम. चाळीस मिनिटं जीव तोडून ओढून, एका चमच्यापेक्षा थोडं जास्त. आणि सकाळी त्याच आईने हाताने काढून दिलेलं चाळीस.

सिस्टर वहीच्या रकान्याकडे बघत होत्या. ते दहा टिकमार्क, दर वेळी चाळीस मिनिटं. त्यांनीच केलेले. त्या खुर्ची ओढून ड्रायव्हरीणबाईंशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुला दूध नाही म्हटलं. चुकले." एवढंच. पण वॉर्डात असं वाक्य मावशींनी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि सिस्टरांवरचा त्यांचा अर्धा राग तिथेच विरघळला. अर्धा ठेवला, पुढे लागतो.

डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोट मुलीच्या जिभेखालून फिरवलं, टॉर्चने पाहिलं. "जिभेखालचा पापुद्रा जवळजवळ टोकापर्यंत आलाय. जीभ हिरडीच्या बाहेर येत नाही, वर जात नाही. टंग टाय म्हणतात याला."

"म्हणजे जीभ बांधलेलीच," मावशी म्हणाल्या.

"असू शकेल. पण मावशी, असा पापुद्रा पुष्कळ बाळांना असतो आणि ती मजेत पितात. दिसला की काप, असं नसतं. आधी धरायची पद्धत सुधारून बघू. त्याने भागलं तर कात्री कशाला?"

सासूबाई पुढे सरकल्या. "अहो, कात्री कशाला? आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, नखाने सोडवते. एका क्षणाचं काम."

मावशी गर्रकन वळल्या. "नखाने? त्या नखाखाली कायकाय असतं ठाऊक आहे? त्या नखाने तुमचा स्वतःचा दात काढून घ्याल का तुम्ही?"

"मी आपलं सुचवलं."

"सुचवू नका. नातीची मान धरा हाताने, तेवढं काम मोठं आहे."

डॉक्टरांचं म्हणणं मात्र मावशींना आवडलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात कात्री कधीच चालून गेली होती. पण सकाळी त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, माझ्यावर नको, काट्यावर विश्वास ठेवा. आता तोच नियम स्वतःला लावून घेणं भाग होतं. पुढच्या वेळी त्यांनी मुलीला नीट वळवलं. पोटाला पोट, हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, तोंड जांभई दिल्याएवढं उघडेपर्यंत थांबून मग जवळ. आईच्या पायाची बोटं यावेळी चादरीत रुतली नाहीत. दुखणं निम्म्यावर आलं. वजन वाढलं, बारा ग्रॅम.

"दुप्पट," डॉक्टर म्हणाले.

"उपाशाचं दुप्पट," मावशी म्हणाल्या.

"खरंय. आणि आई वाटीने देतेय म्हणून ती तगली आहे. उद्या सकाळी कान-नाक-घशाच्या मॅडमना बोलावतो." मग जरा थांबून, "तुम्ही असाल ना?"

"मी रोजच असते. तुम्हीच नवीन आहात."

मॅडम दुसऱ्या दिवशी दहा वाजता आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जीभ तपासली, आधी पाजताना पाहिलं, मग काट्यावरचे आकडे विचारले. सिस्टर वही उघडू लागल्या, तर मावशींनी तोंडपाठ सांगितले. सहा, मग बारा, हाताने काढून चाळीस. मॅडम म्हणाल्या, "मला रोज पन्नास जिभा दाखवतात आणि आकडे कोणी आणत नाही. करू या."

ड्रायव्हरीणबाईंचा रंग उतरला. "मी बाहेर थांबू का? मला बघवणार नाही."

"तू बाहेर गेलीस तर पाजणार कोण?" मावशी म्हणाल्या. "कापल्याकापल्या तुझ्या अंगावर द्यायचीय. घाटात डोळे मिटतेस का?"

मुलीला दुपट्यात गुंडाळलं. डोकं सिस्टरांनी धरलं, खांदे मावशींनी. मॅडमनी जीभ दोन बोटांनी वर उचलली, बोथट गोल टोकाची बारीक कात्री आत गेली, आणि एक बारका आवाज. नख कापताना होतो तेवढा. मुलगी ओरडली, खरं तर पकडून ठेवल्याबद्दलच ओरडली असावी. कापसावर रक्ताचे तीन-चार ठिपके. मावशींनी ती तशीच आईच्या अंगावर दिली.

आणि जादू झाली नाही. मुलगी दोनदा सुटली, गोंधळली. मोकळ्या जिभेचं करायचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. पाचव्या मिनिटाला तिने तोंड मोठं उघडलं, जीभ पहिल्यांदा खालच्या ओठापर्यंत आली, आणि पकड बसली. चोख, चोख, आणि मग तो बारका हुंकार. चोख, हुंकार. चोख, हुंकार. ड्रायव्हरीणबाईंनी मान वर केली आणि मावशींकडे बघत राहिल्या. तो आवाज त्या कानांत साठवत होत्या.

सव्वीस ग्रॅम. ओल्या लंगोटासकट. पंचवीस मिनिटांत.

छोटे डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे अजून दोन-तीन दिवस वाटीच्या जोडीने चालू ठेवू. शिकायला वेळ लागेल तिला."

"लागू दे. मलाही लंगोट न बदलायला एक दिवस लागला."

सातव्या दिवशी मुलगी दोन किलो नऊशे दहा होऊन घरी गेली. ड्रायव्हरीणबाईंनी जाताना मावशींचा हात धरला, तो जोरात. मावशींना दिवसभर मनगट चोळावं लागलं, पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही की ते का दुखतंय.

त्या दिवसानंतर वॉर्डात एक गोष्ट बदलली. वहीतल्या मिनिटांच्या रकान्याशेजारी सिस्टरांनी पट्टीने एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, "गिळताना ऐकलं का?" नवीन नर्स आली की तिला मावशींकडे पाठवायच्या. मावशी तिला खाटेशी उभी करायच्या आणि म्हणायच्या, "घड्याळ खिशात ठेव. कान काढ बाहेर."

चौदाव्या दिवशी तपासणीच्या रांगेत ड्रायव्हरीणबाई आल्या. सोबत सासूबाई, हातात पिशवी. काट्यापुढे आठ बायका. मावशींनी आज मुद्दाम घाई केली नाही. नंबर आल्यावर मुलीला उघडं करून पत्र्यावर ठेवलं. मुलीने पाय झाडले, आकडा वरखाली झाला, थांबला. तीन किलो एकशे नव्वद. जन्माच्या वजनाच्या पन्नास वर.

मावशींनी आकडा वाचला तो वॉर्डासाठी नव्हे, वॉर्डाच्या बाहेरच्या जिन्यासाठी असावा, इतक्या मोठ्याने. सिस्टरांनी लिहून घेतला.

ड्रायव्हरीणबाई बाकावर जाऊन बसल्या, मुलीला अंगावर घेतलं, आणि न बघता, दुसऱ्या हाताने घाम पुसत पाजू लागल्या. सराईत हात गिअरवर असावा तशा. सासूबाई शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मुलीकडे वळल्या. तिच्या मांडीवर आठ दिवसांचं बाळ किरकिर करत होतं आणि तिची आई म्हणत होती, हिला दूधच नाही.

"कोणी सांगितलं, दूध नाही?" सासूबाई म्हणाल्या. "काट्यावर ठेवलंत का? आधी आणि नंतर? तसंच, लंगोट न बदलता. मी सांगते तुम्हाला, लोक लंगोटच बदलतात आणि मग आईला बोल लावतात. आमच्या सुनेला तर इतकं दूध, इतकं दूध, की विचारू नका. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते."

सून मान वर न करता म्हणाली, "हो, आई. तुम्हीच."

मावशींनी ऐकलं. ओठावर आलेलं सगळं त्यांनी गिळलं, काटा पुसला, आणि त्या अनोळखी मुलीला हाताने खूण केली. "ये इकडे. रांगेचं राहू दे. बाळ आहे तसंच आण, लंगोटाला कोणी हात लावायचा नाही."